आईने बदललेला शेवट

(वाचन-शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ आहे तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

मला आधी 'आई' या विषयावर बोल असं सांगितलं होतं. मी नको म्हटलं. आईवर बोलायला बाई उभी राहिली की तिचा आवाज आपोआप ओला होतो, समोरच्या दोघी-तिघी पदर डोळ्यांना लावतात, भाषण छान झालं असं ठरतं आणि सगळ्या जेवायला जातात. हे आपण पुष्कळ केलंय. म्हणून आज मी एका विनोदी कादंबरीबद्दल बोलणार आहे. तिच्यात आई आहेच. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तीच आहे, दुसऱ्या कुणाला ती फारशी जागाच देत नाही.

कादंबरीचं नाव 'ऑरेंजेस आर नॉट द ओन्ली फ्रूट'. म्हणजे जगात फळ काय संत्रं एकच नाही. लेखिका जनेट विंटरसन. १९८५ साली पँडोरा प्रेस या स्त्रीवादी प्रकाशनानं ती काढली आणि त्याच वर्षी तिला पहिल्या कादंबरीसाठीचा व्हिटब्रेड पुरस्कार मिळाला. १९९० साली बीबीसीनं तिच्यावर मालिका केली. पटकथा लेखिकेनंच लिहिली होती, दिग्दर्शन बीबन किड्रॉनचं, आणि आईचं काम जेराल्डिन मॅकइवाननं केलं होतं.

माझ्याकडे हे पुस्तक आलं १९९९ साली. माझ्या लेकीनं वाढदिवसाला दिलं. पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'आईस. तू यात आहेस. शोध.'

आता लेकीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. लेक लहानपणापासून बोलायला तरबेज. पाठांतर पक्कं, आवाज खणखणीत, समोर दोनशे बायका बसल्या तरी डगमगायची नाही. १९८९ साली, आठ वर्षांची असताना, तिनं ८ मार्चच्या मेळाव्यात हुंड्यावर भाषण केलं. भाषण अर्थात मी लिहिलेलं. काय टाळ्या पडल्या! नंतर बायका तिचे पापे घेत होत्या आणि मला म्हणत होत्या, 'ही आपलं काम पुढं नेणार.' मग काय, प्रत्येक मेळाव्यात ती. पथनाट्यात ती. मोर्चात माझ्या पुढे घोषणा द्यायला ती. सहा वर्षं हे चाललं. चौदाव्या वर्षी एके दिवशी ती स्टेजच्या पायरीवर बसून राहिली. उठेचना. मी खेकसले, तर शांतपणे म्हणाली, 'आई, मला हुंड्यातलं काहीच माहीत नाही. मी नाही बोलणार.' त्यानंतर ती आजतागायत कुठल्याही स्टेजवर चढलेली नाही. मी ते वयावर ढकललं.

तर पुस्तक उघडलं. 'तू यात आहेस' म्हटल्यावर मी साहजिकच स्वतःला त्यातली मुलगी धरून चालले. माझी आईही काही कमी करडी नव्हती. पहिली चाळीसेक पानं मी मजेत जनेट होते. हो, मुलीचं नाव लेखिकेचंच आहे. जन्म मँचेस्टरचा, १९५९ सालचा, तान्हेपणी दत्तक गेलेली, लँकशायरमधल्या अ‍ॅक्रिंग्टन नावाच्या गिरणगावात वाढलेली, हे सगळं लेखिकेचंच. लँकशायर म्हणजे तेच बरं का, जिथल्या कापडाची आपल्या आज्या-आजोबांनी होळी केली. या कादंबरीच्या काळापर्यंत तिथल्याही गिरण्या बंद पडत चालल्या होत्या. साधी कामगार वस्ती, ओळीनं एकसारखी घरं, आणि मधोमध पेंटेकोस्टल पंथाचं एक प्रार्थनाघर.

आई या पंथाची कट्टर अनुयायी. तिनं मूल दत्तक घेतलंय ते हौसेनं नाही, योजना करून. मुलीला घडवायचं, देवाला वाहायचं, मिशनरी करून जगाच्या टोकाला पाठवायचं. तिच्या जगात मधलं काही नाही. माणूस एकतर आपला, नाहीतर शत्रू. शत्रूंच्या यादीत सैतानाच्या जोडीला शेजारी आहेत, बागेतल्या गोगलगायी आहेत. आपल्यांच्या यादीत देव आहे आणि गोगलगायी मारायचं औषधही आहे. दर रविवारी ती रेडिओवर मिशनरी कामाचा अहवाल ऐकते. कुठल्या देशात किती लोक ख्रिस्ती झाले, आकडा वाढला की घटला. बातमी वाईट असली की त्या दिवशी घरात धड जेवण नाही. नवरा आहे, पण असून नसल्यासारखा, पाळीवरून येतो, झोपतो, गप्प राहतो.

कादंबरीची आठ प्रकरणं आहेत आणि त्यांना बायबलच्या पहिल्या आठ पुस्तकांची नावं दिली आहेत. मराठी बायबलात ती उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद, यहोशवा, शास्ते, रूथ अशी आहेत. शेवटचं रूथ, म्हणजे एका बाईच्या नावाचं. मला ते उगाच आवडलं.

मुलगी वाचायला शिकते ती बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकावरून. शाळेत आई पाठवतच नाही. सरकारी पत्र येतं तेव्हा नाइलाज होतो. शाळेत या मुलीचं काय होणार? इतर मुलं सुट्टीत काय केलं यावर निबंध लिहितात, ही लिहिते देवानं कुणाचा आजार कसा बरा केला ते. भरतकामाच्या तासाला मुली फुलं काढतात, ही काळ्या दोऱ्यानं बायबलमधलं पापी लोकांच्या सर्वनाशाबद्दलचं वचन भरते. वर्गातल्या पोरांना नरकाची वर्णनं सांगून रडवते. शाळेतून तक्रार येते. आई वाचते आणि इतकी खूष होते की लेकीला सिनेमाला नेते. कुठल्या? 'टेन कमांडमेंट्स'!

इथं मी खळखळून हसले. हसता हसताच जरा अडखळले. कारण माझ्या लेकीच्या शाळेतूनही एकदा चिठ्ठी आली होती. डबा खाताना ती वर्गातल्या मुलींना रॉकेल, स्टोव्ह आणि सून याविषयी सविस्तर सांगते, मुली जेवत नाहीत. मी ती चिठ्ठी आमच्या बैठकीत कौतुकानं वाचून दाखवली होती. सिनेमाला नेलं नव्हतं, एवढंच.

तरी मी पुढे वाचत राहिले. या मुलीला खरोखरच देणगी आहे. लहान वयात ती प्रवचन करायला लागते आणि लोक ऐकतात, पालटतात, पुढे येऊन गुडघे टेकतात. शब्दांवर तिचा ताबा आहे. आईला आणि मंडळीला ती देवाची देणगी वाटते, म्हणजे पर्यायानं मंडळीची मालमत्ता. यात एक प्रसंग असा आहे की हसावं का रडावं कळत नाही. मुलीला ऐकू येईनासं होतं. ती उत्तर देत नाही, हाकेला वळत नाही. सगळी मंडळी ठरवते की पोर देवाच्या ध्यानात बुडालीय, तिला त्रास देऊ नका. कुणाच्याही मनात येत नाही की कान तपासावेत. शेवटी मंडळीतलीच एक बाई ओळखते आणि तिला दवाखान्यात नेते. नाकामागच्या गाठींचं दुखणं निघतं, शस्त्रक्रिया होते. आई कामात असते. ती भेटायला फारशी येत नाही, संत्री पाठवते. पुस्तकभर हेच, मुलीला काहीही झालं, ती रडली, घाबरली, तिनं काही विचारलं, की पुढ्यात संत्रं.

देणगी असलेल्या मुलाचं हे असतं बघा. त्याच्याकडे सगळे बघत असतात आणि ते कुणालाच दिसत नाही.

आता ज्या प्रसंगासाठी मी हे पुस्तक निवडलं, तो सांगते. आईला 'जेन एअर' ही शार्लट ब्राँटेची कादंबरी फार आवडते. ती मुलीला मोठ्यानं वाचून दाखवते. मूळ गोष्ट तुम्हाला थोडक्यात सांगते. जेन ही गरीब, अनाथ शिक्षिका. तिचं प्रेम रॉचेस्टर नावाच्या मालकावर. मधे सेंट जॉन रिव्हर्स नावाचा एक पाद्री येतो. त्याला मिशनरी म्हणून जायचंय हिंदुस्थानात. हो, आपल्याकडेच. त्यासाठी तो जेनला हिंदुस्थानी भाषासुद्धा शिकवायला घेतो आणि म्हणतो, लग्न कर आणि चल. जेन ठाम नाही म्हणते आणि रॉचेस्टरकडे परत जाते. शार्लट ब्राँटेनं १८४७ साली लिहिलेली गोष्ट ही अशी आहे. पण आपली ही अ‍ॅक्रिंग्टनची आई वाचताना शेवट बदलते! तिच्या वाचनात जेन त्या पाद्र्याशी लग्न करते आणि मिशनवर जाते. मुलगी मोठी होते, एक दिवस ग्रंथालयात ते पुस्तक स्वतः उघडते आणि तिला कळतं, आईनं आपल्याला भलतीच गोष्ट सांगितली. तिला तो धक्का कशासारखा वाटतो? घरात पत्ते शोधताना आपल्या दत्तकपत्राचे कागद हाती लागले होते, त्या दिवसासारखा.

पुढे २०११ साली विंटरसननं आत्मकथन लिहिलं, 'व्हाय बी हॅपी व्हेन यू कुड बी नॉर्मल?' त्यात ती हाच प्रसंग खरा म्हणून सांगते आणि वर एक गोष्ट सांगते. आई हे पुस्तक समोर धरून, पानं उलटत, ब्राँटेच्याच शैलीत, तिथल्या तिथं रचत होती. मैत्रिणींनो, जरा विचार करा. शंभर वर्षांपूर्वीच्या कादंबरीकारणीच्या भाषेत, अडखळल्याशिवाय, वेगळा शेवट बोलत जायचा! हे येरागबाळ्याचं काम नाही. म्हणजे देणगी होती कुणाला? पोरगी हुशार आहे हे पुस्तकभर सगळे म्हणतात. आई हुशार आहे हे कुणीच म्हणत नाही. ती पियानो वाजवते, परदेशी राहून आलेली आहे, सभा चालवते, वाद घालते, आणि या सगळ्याला वाव कुठं, तर एका प्रार्थनाघरात आणि एका मुलीत.

आणि मी? मी याच जागी पुस्तक मिटलं. माझी लेक पाच-सहा वर्षांची असताना मी तिला रात्री गोष्टी सांगायचे. आपली चळवळ तेव्हा ऐन भरात. मी सिंड्रेलाला राजपुत्राशी लग्न करू देईना. माझी सिंड्रेला राजवाड्यातल्या मोलकरणींची संघटना काढायची. काऊच्या शेणाच्या घरातला काऊ चिऊच्या बाळाला न्हाऊ घालायला स्वतःहून मदत करायचा, आणि मग चिऊ दार उघडायची. एकदा लेक मैत्रिणीच्या घरी राहायला गेली आणि रडत परत आली. मैत्रिणीच्या आजीनं खरी सिंड्रेला सांगितली होती. मला विचारते कशी, 'त्यांची सिंड्रेला खोटी आहे का तुझी?' मी म्हटलं, 'त्यांची.' अजून आठवतं, एका क्षणाचाही विचार न करता म्हटलं.

तर मी कोण होते या पुस्तकात, ते तिथं कळलं.

मी काही छाती पिटायला उभी नाही. सिंड्रेलाचा शेवट बदलावा या मताची मी आजही आहे. पण बदललाय हे पोरीला सांगायला हवं होतं.

पुस्तकाकडे येते. या आईचं पूर्वायुष्य लेखिका तुकड्या-तुकड्यांनी देते. तरुणपणी ती पॅरिसला होती. तिथं पिएर नावाचा माणूस भेटला. पोटात गलबलायला लागलं, डोकं भणभणायला लागलं, तिला वाटलं प्रेमात पडलो. नंतर डॉक्टरकडे गेली तर पोटात व्रण निघाला! हा किस्सा ती मुलीला धोक्याची सूचना म्हणून ऐकवते. आपण हसतो. पण नंतर मनात राहतं की या बाईनं आयुष्यात एकदा धडधड अनुभवली आणि ती अपचनात जमा केली. आणखी एक बारीक जागा आहे. आईच्या फोटोंच्या वहीत जुन्या प्रेमिकांचं पान असतं. त्यात एका सुंदर बाईचा मांजर घेतलेला फोटो असतो. मुलगी विचारते ही कोण, तर कुणाची तरी बहीण असं सांगून आई पान उलटते. पुढच्या वेळी बघावं तर फोटो तिथं नाही. लेखिका यावर एक शब्द बोलत नाही. मीही बोलत नाही.

मुलगी मोठी होते आणि बाजारात मासळीच्या ठेल्यावर काम करणाऱ्या मेलनी नावाच्या मुलीच्या प्रेमात पडते. तिला यात काही लपवण्यासारखं वाटत नाही. देवावरचं प्रेम आणि मेलनीवरचं प्रेम तिच्या मनात भांडत नाहीत. ती आईला सांगते. आणि मग सुरू होतं. भर सभेत दोघींना उभं करून पाप जाहीर केलं जातं. मेलनी लगेच पश्चात्ताप करते. ही करत नाही. तिच्या अंगातलं भूत उतरवायला वडीलधारे तासन्‌तास प्रार्थना करतात. बाहेरच्या खोलीत तिला उपाशी कोंडलं जातं, दीड दिवस. आई मागच्या अंगणात तिची सगळी पत्रं, कागद, टिपणं जाळते. एवढं सगळं चालू असताना लेखिका विनोद सोडत नाही, हे वाचल्याशिवाय खरं वाटणार नाही. खऱ्या आयुष्यात तर आईनं पुस्तकंही जाळली होती. घरात मोजकी सहा पुस्तकं ठेवायची परवानगी, म्हणून मुलीनं विकत घेतलेली पुस्तकं गादीखाली दडवली होती. गादी उंच होत गेली आणि भांडं फुटलं.

यानंतरचा प्रसंग आपल्या सगळ्यांच्या दृष्टीनं महत्त्वाचा आहे. मुलगी पुन्हा एका मुलीबरोबर सापडते. मंडळीचे पुरुष बसतात आणि कारण शोधतात. या मंडळीत सगळं काम बायकांच्या हातात असतं. प्रवचन बायका करतात, मुलांचे वर्ग बायका चालवतात, मेळावे बायका भरवतात. पुरुष म्हणतात, हेच चुकलं. बाईला व्यासपीठ दिलं, अधिकार दिला, म्हणून ही मुलगी पुरुषासारखी वागायला लागली. तेव्हा यापुढे प्रवचन बायकांनी करायचं नाही. आणि या ठरावाला दुजोरा द्यायला कोण उभं राहतं? आई. ज्या बाईनं ही मंडळी स्वतःच्या खांद्यावर उभी केली, ती उठून सांगते की बायकांनी आपली जागा ओळखावी, देवाचा संदेश सांगणं हे पुरुषांचं काम.

'बाईच बाईची शत्रू असते' हे वाक्य ऐकलं नाही अशी इथं एकही जण नसेल. गावात सभा घ्या, कॉलेजात घ्या, प्रश्नोत्तरांत पहिला हात याच वाक्यासाठी वर होतो. आपल्याकडे त्याचं ठरलेलं उत्तर आहे, व्यवस्था वगैरे. ते बरोबरच आहे, पण ते दिल्यावर विचारणाऱ्याचा चेहरा बदललेला मी कधी पाहिला नाही. हा प्रसंग सांगितला की बदलतो. मी दोन-तीन ठिकाणी सांगून पाहिलंय. कारण यात दिसतं की आई मुलीचं व्यासपीठ काढून घेत नाही, दोघींचं काढून घेते. मुलीला गप्प करण्याची किंमत ती स्वतःच्या तोंडानं मोजते. आणि का? तिला दुसरं घर नाही. या मंडळीबाहेर ती एका गिरणगावातली, फारसं बोलत नसलेल्या नवऱ्याची, विचित्र समजली जाणारी बाई आहे. आत ती कुणीतरी आहे. आत राहायचं तर पुरुषांच्या ठरावावर हात वर करायला हवा. ती करते. त्या खोलीत ठराव मांडणारे पुरुष मात्र नंतर कुणाच्या लक्षात राहत नाहीत. वाचणाऱ्यालाही आईचाच राग येतो. तुम्हालाही आता येतोय.

मुलगी घर सोडते. सोळाव्या वर्षी. आईस्क्रीमच्या गाडीवर आणि अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्यांकडे कामं करून पोट भरते. खरी जनेट पुढे ऑक्सफर्डला गेली.

या पुस्तकात एक एल्सी आहे. म्हातारी, एकटी, मंडळीतलीच, जरा चक्रम. मुलगी दवाखान्यात असताना रोज भेटायला येते, विनोद सांगते, कविता वाचून दाखवते. पुढे सगळे उलटतात तेव्हाही ती मुलीला उलट प्रश्न विचारत नाही. वाचताना वाटतं, बरं झालं, हिला एल्सी तरी होती. आत्मकथनात विंटरसन सांगते की एल्सी नव्हती. प्रत्यक्षात असं कुणी नव्हतंच. तिच्याशिवायची गोष्ट लिहिणं सहन होईना, म्हणून तिनं एल्सी घातली.

हे वाचून मला १९९३ सालची एक दुपार आठवली. आमच्या सल्ला केंद्रावर एक आई एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी गप्प. आई म्हणाली, 'ताई, हिला जरा समजावा. मैत्रिणीच्या नादाला लागलीय. लग्नाला नाही म्हणते.' मारहाणीची केस असती तर आम्ही काय करायचं ते झोपेतही सांगितलं असतं. इथं आम्हा तिघींना काही सुचेना. आम्ही आईला पाणी दिलं, धीर दिला, मुलीला 'घाई करू नकोस, आईचंही ऐक' असं काहीतरी म्हटलं आणि दोघींना एकत्र घरी पाठवलं. नोंदवहीत 'समझोता' असं लिहिलं. ती मुलगी परत आली नाही. तिच्या चेहऱ्यापेक्षा मला त्या आईच्या हातातली पिशवी जास्त आठवते. जाताना तिनं पिशवीतून चार चिकू काढून टेबलावर ठेवले होते, आभार म्हणून. आम्ही खाल्ले.

तेव्हा आपल्या चळवळीत हा विषय कुजबुजत बोलायचा होता. १९९८ च्या डिसेंबरात 'फायर' सिनेमावरून मुंबईत थिएटरांची मोडतोड झाली, त्यानंतर जाहीर बोलायला सुरुवात झाली, आणि तेव्हाही आपल्यातल्या काही जणींचं म्हणणं होतं की हा आपला प्रश्न नव्हे, पाणी-रेशन आधी. मीही त्यांच्यात होते, खोटं कशाला सांगू. इंग्लंडातही काही वेगळं नव्हतं. पुस्तक आल्यानंतर तीनच वर्षांनी, १९८८ साली, तिथं शाळांमधून, पालिकांकडून समलिंगी संबंधांचा 'प्रसार' होऊ नये असा कायदा झाला. इंग्लंडमध्ये तो २००३ पर्यंत टिकला. आपल्याकडे ३७७ कलमाचा तो भाग सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द ठरवला. कायदा गेला. चिकू घेऊन येणारी आई मात्र गेलेली नाही, तुमच्या केंद्रांवर ती याच महिन्यात येऊन गेली असेल.

विनोदाबद्दल थोडं. मराठीत आईवर हसायची सोय नाही. 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली आणि तेव्हापासून आपण रडतोय. मीही रडलेय. गंमत म्हणजे पोहायला जायला घाबरतो म्हणून पोराला शिंपटीनं झोडपणारी आईही त्याच पुस्तकात आहे. पण आपल्याला आठवतो तो पाय मळू नयेत म्हणून पसरलेला पदर. दुसरीकडे आमची पथनाट्यं. त्यात सासू म्हणजे कमरेला पदर खोचून डोळे वटारणारी, आणि आई म्हणजे कोपऱ्यात बसून मुसमुसणारी. दोन्ही भूमिका मी केल्यात, दोन्हींत मला घाम फुटेस्तोवर कंटाळा आलाय. माणसावर हसून त्याला माणूस ठेवायचं हे लक्ष्मीबाई टिळकांना 'स्मृतिचित्रां'त साधलं होतं. सोवळ्यानं पछाडलेल्या वडिलांबद्दल त्या लिहितात तेव्हा वडील क्रूर वाटतात, हास्यास्पद वाटतात, आणि त्यांची दयाही येते, एकाच वेळी. विंटरसन तेच करते, आणि हातातला रागही ठेवत नाही खाली. हसलं म्हणजे माफ केलं असं मी आधी समजत होते. तसं नाही. ज्याला घाबरतो त्याच्यावर हसता येत नाही, इतकंच.

पुस्तकात सगळंच उत्तम आहे असं मी म्हणणार नाही. मधे मधे राजे, जादूगार, शूर सरदार यांच्या परीकथा घातल्यात. पहिल्या वाचनात मी त्या सरळ गाळल्या. दुसऱ्यांदा वाचल्या, त्यातली जादूगाराने दत्तक घेतलेल्या मुलीची गोष्ट तेवढी लागली, बाकीच्या गाळल्या असत्या तरी चाललं असतं. आणि बाप फार स्वस्तात सुटतो. खोलीत मुलगी कोंडलेली असताना हा माणूस कुठं होता, हे लेखिकेनंही विचारलं नाही.

शेवटी मुलगी नाताळला घरी येते. बर्फ पडलेला. कुणी कुणाची माफी मागत नाही. आईनं आता विजेवर चालणारा ऑर्गन घेतलाय, आणि स्वतःचं बिनतारी यंत्र बसवून ती देशभरातल्या भाविकांशी बोलते. घराबाहेर काढलेली लेक दारात उभी आणि आईच्या कानाला हेडफोन. मंडळीनं प्रवचन काढून घेतलं, तर बाईनं हवेतून प्रवचन सुरू केलं! मला तिचा राग आला होता, तो इथं जरा गडबडला. आत्मकथनात आहे की कादंबरी आली तेव्हा खऱ्या आईनं फोन करून सुनावलं, तुझ्यामुळे मला आयुष्यात पहिल्यांदा खोट्या नावानं पुस्तक मागवावं लागलं. म्हणजे मागवलं तर होतं.

माझी लेक आता चाळिशी ओलांडून पुढे गेलीय. गणित शिकवते. वर्गात बोलते, स्टेजवर नाही. मागच्या दिवाळीत आली होती तेव्हा मी तिला विचारलं, 'ती बाई मी आहे, हे मला सापडलं. पण पूर्ण तशीच का गं?' मी हे विचारत होते तेव्हा माझ्या दुसऱ्या हातात फोन होता, तुमच्यापैकीच कुणाशी तरी या शिबिराचं बोलणं चालू होतं. ती म्हणाली, 'आधी तो रेडिओ बंद कर, मग सांगते.' मी बंद केला. मग आम्ही बराच वेळ बोललो, ते इथं सांगायचं नाही.

पुस्तक टेबलावर ठेवलंय. एकच प्रत आहे आणि इंग्रजी आहे, पण सोपं आहे, शब्दकोश फारसा लागत नाही. ज्यांना अवघड वाटेल त्यांनी दोघी-दोघींनी मिळून वाचा. वहीत नाव आणि तारीख लिहून न्या, महिन्यात परत करा. पेन्सिलीनं लिहिलेलं पहिलं पान खोडू नका. आणि कुणी शिबिरासाठी मोठ्यानं वाचून दाखवणार असाल, तर शेवट आहे तसाच वाचा.